तोट्यातली हिरवळ कोणाची?

सार्वजनिक मालमत्ता तोट्यात चालू लागली की तिच्याभोवती दोन प्रकारची माणसे जमा होतात. ती आहे तशीच राहिली पाहिजे म्हणून गहिवरणारी एक, आणि ती एकदाची मोडीत काढा म्हणून हिशेबाची चोपडी पुढे करणारी दुसरी. या कोलाहलात, ज्यांची ती मालमत्ता त्या नागरिकांचा आवाज बहुधा कोणाच्या कानी पडत नाही. लंडनमधील एका सार्वजनिक गोल्फ मैदानाची हकीकत आज आम्ही पहिल्या पानावर सांगत आहोत ती गोल्फच्या प्रेमामुळे नव्हे. मुंबईत महालक्ष्मीच्या शर्यतीच्या मैदानाचे जे चालले आहे ते पारखून घेण्यास ती उपयोगी आहे, म्हणून.

आग्नेय लंडनच्या लुइशॅम विभागात बेकनहॅम प्लेस पार्क नावाचे सुमारे २४० एकरांचे उद्यान आहे. अठराव्या शतकातील एका धनिकाची ही वाडी. १९०७ पासून तेथे गोल्फ खेळला जाऊ लागला. पुढे दोन महायुद्धांच्या दरम्यान लंडन काउंटी कौन्सिलने ती जागा घेऊन मैदान सर्वांस खुले केले. क्लबाचे सभासदत्व नको, कोणाची शिफारस नको. माफक शुल्क भरावे आणि खेळावे. परंतु काळ पालटला. खेळणारे घटले आणि मैदानासाठी पालिकेला पदरमोड करावी लागू लागली. त्यातच २०१० नंतर सरकारी अनुदानांना कात्री लागलेली. वाचनालये चालवावी, वृद्धांची शुश्रूषा करावी, की गोल्फची हिरवळ राखावी, असा प्रश्न उभा राहिला.

गोल्फवाल्यांच्या बाजूने जे म्हणणे होते ते उडवून लावण्याजोगे नव्हते. असे मैदान बंद झाल्याने श्रीमंतांचा गोल्फ बंद होत नाही. त्यांचे खासगी क्लब शाबूत असतात. बंद होतो तो कारकुनाचा आणि बसचालकाचा. शिवाय, सार्वजनिक उद्यान म्हणजे वाण्याचे दुकान नव्हे. त्याच्या जमाखर्चात तूट दिसते, पण लोकांना मिळणारे आरोग्य त्या चोपडीत कोठे मांडलेले असते?

हे सर्व मान्य करूनही एक साधे गणित उरते. अठरा होलच्या मैदानावर प्रत्येक होलवर चौघे धरले, तरी एका वेळी बहात्तर माणसेच खेळू शकतात. आणि चेंडू लागण्याच्या भयाने इतरांनी त्या हिरवळीपासून दूर राहावयाचे. आमच्या आझाद मैदानाच्या अवघ्या पंचवीसएक एकरांत क्रिकेटच्या बावीस खेळपट्ट्या मावतात, हे ध्यानात घेतले म्हणजे तूट केवळ पैशांची नव्हती, वापराचीही होती, हे कळते. विरोध झाला, तरी २०१६ मध्ये तेथील गोल्फ बंद करण्यात आला. लॉटरीच्या निधीतून सुमारे ४९ लक्ष पौंड मिळाले, बुजलेले जुने तळे पुन्हा खोदले गेले, आणि २०१९ पासून त्यात लोक पोहू लागले. ज्यांचा स्वस्त खेळ गेला त्यांचे नुकसान झाले, हे लपविण्यात अर्थ नाही. पण गोल्फ गेला तरी ती हिरवळ बांधकामाच्या घशात गेली नाही. जमीन लोकांचीच राहिली. या प्रकरणाचे मर्म एवढेच आहे.

आता महालक्ष्मीकडे वळू. हॉर्नबी वेलार्डच्या बांधाने समुद्र अडविल्यावर सुकलेल्या पाणथळीवर १८८३ पासून हे मैदान उभे आहे. क्षेत्र २११ एकर. मालकी काही राज्य सरकारची, काही महानगरपालिकेची. शर्यतसंस्थेचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला आणि त्यानंतर अकरा वर्षे हा प्रश्न भिजत पडला. अखेर २०२४ मध्ये १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी व ९१ एकर २०५३ पर्यंत शर्यतसंस्थेकडे, अशी वाटणी ठरली. शर्यतींचा धंदा पूर्वीसारखा भरभराटीचा राहिलेला नाही. त्यातच पैजांवर जबर कर बसलेला. अशा स्थितीत झालेल्या या वाटणीला आमचा तत्त्वतः विरोध नाही. चाळीत आणि सदनिकेत कोंडलेल्या नगरीला १२० एकर मिळत असतील, तर त्यास नको म्हणणारे आम्ही कोण?

आमची शंका निराळी आहे. उद्यानाच्या पोटात, जमिनीखाली, क्रीडासंकुल व वाहनतळ बांधण्याच्या कल्पना पुढे आल्या आहेत. वरून हिरवे दिसते ते सारे उद्यान नव्हे. काँक्रीटच्या छपरावर पसरलेल्या मातीत गवत वाढेल; वड आणि पिंपळ मुळे कोठे रोवणार? पावसाळ्यात तुंबणाऱ्या या सखल नगरीत पाणी जिरवणारी भूमी शिल्लक तरी किती आहे, की तिच्यावरही आपण झाकण घालावे?

म्हणून आमच्या मागण्या तीनच आहेत. उद्यानाच्या १२० एकरांत वर वा खाली मोठे बांधकाम करावयाचे नाही, हे आराखड्यात स्पष्ट लिहावे. शर्यतसंस्थेकडील ९१ एकरांचा जमाखर्च आणि तेथे सामान्य नागरिकांस मिळणाऱ्या प्रवेशाचा तपशील दरवर्षी लोकांपुढे ठेवावा. आणि २०५३ उजाडण्यापूर्वी पुरेशी वर्षे आधी, उघड सुनावणी घेऊन, पुढचा निर्णय करावा. पुन्हा अकरा वर्षांची टाळाटाळ नको.

खेळ येतात आणि जातात. घोडे धावोत वा न धावोत, गोल्फचा चेंडू उडो वा न उडो, त्याचा शोक करणारे पुष्कळ भेटतील. जमीन मात्र एकदा गेली की परत येत नाही. लुइशॅमच्या पालिकेला तोटा आला तेव्हा तिने खेळ सोडला आणि जमीन धरून ठेवली. आमच्या कारभाऱ्यांनी नेमके याच्या उलट करू नये, एवढी दक्षता मुंबईकरांनी घेतली पाहिजे. आणि ती आराखडा कागदावर आहे तोवरच घेतली पाहिजे.