सेटवरील मृत्यू आणि मालकांची जबाबदारी

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात, सँटा फे शहराजवळच्या एका कुरणावर, २१ ऑक्टोबर २०२१ रोजी ‘रस्ट’ या चित्रपटाच्या एका दृश्याची तालीम चालू असताना प्रमुख नट ॲलेक बाल्डविन यांच्या हातातील रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली. तिने चित्रपटाच्या मुख्य छायालेखिका हलिना हचिन्स यांचा बळी घेतला आणि दिग्दर्शक जोएल सूझा हे जखमी झाले. हचिन्स अवघ्या ४२ वर्षांच्या होत्या. सोव्हिएत युक्रेनमध्ये जन्मलेली ही कष्टाळू कलावंत स्त्री आपल्या कामाच्या जागी, काम करीत असताना मारली गेली. कारखान्यात यंत्रात सापडून किंवा खाणीत दरड कोसळून मरणाऱ्या कामगाराच्या मृत्यूहून हा मृत्यू मुळात वेगळा नाही. तरीही जगभरच्या वृत्तपत्रांनी त्याची चर्चा केली ती एका नामवंत नटाची शोकांतिका म्हणून. एका कामगार स्त्रीचा कामावरील मृत्यू म्हणून तिच्याकडे पाहणारे थोडेच निघाले.

या प्रकरणी न्यायालयात काय घडले ते प्रथम पाहणे अगत्याचे आहे. सेटवरील शस्त्रांची देखरेख जिच्याकडे होती ती तरुणी घटनेच्या वेळी २४ वर्षांची होती. मार्च २०२४ मध्ये ज्यूरीने तिला अनैच्छिक मनुष्यवधाबद्दल दोषी ठरविले आणि एप्रिलमध्ये तिला १८ महिन्यांच्या कैदेची, म्हणजे त्या गुन्ह्याला असलेली कमाल शिक्षा झाली. सहायक दिग्दर्शकाने २०२३ मध्ये शस्त्राच्या निष्काळजी वापराचा आरोप न लढविता स्वीकारला व त्याला सहा महिन्यांच्या परिवीक्षेवर सोडण्यात आले. बाल्डविन यांच्यावर जानेवारी २०२३ मध्ये आरोप ठेवण्यात आला, एप्रिलमध्ये तो मागे घेण्यात आला, जानेवारी २०२४ मध्ये तो पुन्हा दाखल झाला. आणि जुलै २०२४ मध्ये, सुनावणी नुकतीच सुरू झालेली असताना, काडतुसांविषयीचा पुरावा फिर्यादी पक्षाने बचाव पक्षापासून दडवून ठेवल्याचे उघड झाल्यामुळे न्यायाधीशांनी खटला कायमचा रद्द केला. चित्रपट काढणाऱ्या कंपनीवर फौजदारी खटला झालाच नाही. एका माणसाचा जीव गेला, त्याबद्दल तुरुंगात गेली ती एकटी पगारी कर्मचारी. आपली कथा येथून सुरू होते.

या कर्मचारी तरुणीचा दोष नव्हता असे म्हणण्याचे कारण नाही. चित्रपटाच्या सेटवर तीन प्रकारची काडतुसे ओळखावी लागतात. पहिले जिवंत काडतूस. त्याचे सेटवर काहीच काम नसते. दुसरे फुसके; त्यात दारू असते पण शिशाची गोळी नसते, आवाज व जाळ मात्र होतो. तिसरे नकली, ते दिसायला हुबेहूब खऱ्यासारखे, पण त्यात दारू नसते. नकली काडतूस कानाजवळ हलविले तर आतील छर्रा खुळखुळतो, किंवा त्याच्या बाजूला भोक पाडलेले असते. एवढी साधी तपासणी प्रत्येक काडतुसाच्या बाबतीत झाली असती तर हचिन्स आज जिवंत असत्या. सहायक दिग्दर्शकानेही सर्व काडतुसे आपण नीट पाहिली नाहीत हे न्यायालयात मान्य केले. कामगाराच्या कौशल्याला मान असतो तसेच त्या कौशल्याचे दायित्वही असते, आणि सहकाऱ्याच्या जिवाशी संबंधित असलेले काम हयगयीने करणाऱ्याला वर्गबंधुत्वाच्या नावाखाली पाठीशी घालता येणार नाही.

परंतु प्रश्न येथे संपत नाही. न्यू मेक्सिकोच्या कामगार-सुरक्षा विभागाने एप्रिल २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेले निष्कर्ष या दृष्टीने अत्यंत बोलके आहेत. त्या विभागाने म्हटले की, सेटवर शस्त्रसुरक्षेचे नियम पाळले जात नाहीत याची व्यवस्थापनाला जाणीव होती, आणि तरीही त्याने कर्मचाऱ्यांच्या जिवाविषयी उघड बेपर्वाई दाखविली. दुर्घटनेच्या पाच दिवस आधी त्याच सेटवर दोनदा शस्त्रे चुकून उडाली होती. कर्मचाऱ्यांनी तक्रारी केल्या होत्या. चौकशी झाली नाही, काम थांबले नाही. शस्त्रांची देखरेख करणाऱ्या तरुणीला पूर्ण वेळ तेच काम दिलेले नव्हते. तिला रंगभूषेखेरीजच्या सामानसुमानाच्या विभागातही मदतनीस म्हणून राबवून घेतले जात होते, आणि शस्त्रांवर ती जादा वेळ घालविते म्हणून व्यवस्थापनाकडून तिला समज देण्यात आली होती! एका माणसाच्या पगारात दोन माणसांचे काम उरकण्याची ही रीत गिरणीकामगाराला चांगलीच परिचित आहे. दोन मागांऐवजी चार माग सांभाळायला लावायचे, आणि धोटा उडून डोळा गेला की कामगाराचे लक्ष नव्हते म्हणायचे, हीच ती रीत.

घटनेच्या दिवशी सकाळीच कॅमेरा विभागातील बहुतेक कर्मचारी काम सोडून निघून गेले होते. राहण्याची जागा सेटपासून दूर, कामाचे तास लांबलचक, पगार थकलेला आणि शस्त्रांबाबत हेळसांड, ही त्यांची गाऱ्हाणी होती. व्यवस्थापनाने गाऱ्हाण्यांचा विचार करण्याऐवजी संघटनेबाहेरची माणसे आणून चित्रीकरण पुढे रेटले. त्याच महिन्याच्या आरंभी अमेरिकेतील चित्रपट व नाट्य तंत्रज्ञांच्या ‘आयाट्सी’ या संघटनेत सुमारे ६० हजार कामगारांच्या संपाचा प्रश्न मतास पडला होता आणि मतदानात ९८ टक्क्यांहून अधिक कौल संपाच्या बाजूने पडला होता. मागणी काय होती? पुरेशी विश्रांती, जेवणाची सुटी, माणसाला झेपतील असे कामाचे तास. मालकांशी प्राथमिक समझोता झाला १६ ऑक्टोबरला. पाच दिवसांनी त्याच संघटनेच्या सभासद असलेल्या हचिन्स मारल्या गेल्या. थकलेला, घाईत असलेला, तुटपुंज्या माणसांनी चालविलेला सेट हा स्वतःच एक धोका असतो हे त्या कामगारांनी आधीच सांगून ठेवले होते.

मग कायद्याने जबाबदार कोणाला धरावयाचे? या प्रश्नावर दोन मते मांडली गेली. फिर्यादी पक्षाचे म्हणणे असे की, शस्त्र ज्याच्या हातात, त्याची जबाबदारी; नट असला म्हणून कोणी माणसाकडे रोखून बंदूक धरण्याआधी ती पाहण्याच्या कर्तव्यातून सुटत नाही. बचाव पक्षाचे व नटांच्या संघटनेचे म्हणणे असे की, नट हा शस्त्रतज्ज्ञ नव्हे. तज्ज्ञाने सुरक्षित म्हणून दिलेले शस्त्र वापरणे हेच त्याचे काम आहे, आणि त्याच्यावर भलतीच जबाबदारी लादल्यास तज्ज्ञाची नेमणूक करण्याचा मालकाचा भार हलका होईल. हे दुसरे म्हणणे केवळ सबब म्हणून उडवून लावता येणार नाही. उद्या एखाद्या दुय्यम नटाच्या हातून अशीच गोळी सुटली तर मालक आनंदाने त्याच्याकडे बोट दाखवील.

पण बाल्डविन हे केवळ नट नव्हते. ते या चित्रपटाचे एक निर्मातेही होते. आणि नेमका हाच मुद्दा ज्यूरीपुढे येऊ शकला नाही. निर्माता म्हणून त्यांची भूमिका या आरोपाशी संबद्ध नाही असा निर्णय देऊन न्यायाधीशांनी तो पुरावा खटल्याबाहेर ठेवला. फौजदारी कायद्याच्या चौकटीत हा निर्णय तर्कशुद्ध असेलही, कारण तो कायदा विचारतो ते एवढेच की गोळी कोणाच्या हातून सुटली. माणसे किती नेमली, तालमीला वेळ किती दिला, तक्रारींचे काय केले, हे ज्यांनी ठरविले त्यांच्यापर्यंत तो पोहोचतच नाही. बोट चापावर होते की नव्हते यावर अडीच वर्षे वाद झाला. अंदाजपत्रकावर कोणाचे बोट होते यावर एक दिवसही झाला नाही.

कंपनीचे काय झाले? ‘रस्ट मूव्ही प्रॉडक्शन्स’ ही केवळ या एका चित्रपटापुरती काढलेली मर्यादित जबाबदारीची कंपनी होती. चित्रपटधंद्यात ही सार्वत्रिक पद्धत आहे. एक चित्रपट, एक कंपनी. नफा वर जातो, दायित्व खाली उरते. सुरक्षा विभागाने तिला १ लाख ३६ हजार ७९३ डॉलरचा, म्हणजे कायद्याने शक्य तेवढा कमाल दंड केला. २०२३ मध्ये तडजोड होऊन तो १ लाख डॉलरवर आला. याच्याशी ब्रिटनमधील एक उदाहरण ताडून पाहावे. २०१४ साली ‘स्टार वॉर्स’ मालिकेतील एका चित्रपटाच्या सेटवर यांत्रिक दार अंगावर आल्याने हॅरिसन फोर्ड या नटाचा पाय मोडला. तेथील १९७४ च्या कामगार-सुरक्षा कायद्यान्वये निर्मिती कंपनीला २०१६ मध्ये १६ लाख पौंडांचा दंड झाला. मोडलेल्या पायाची किंमत एका देशात १६ लाख पौंड, गेलेल्या प्राणाची दुसऱ्या देशात १ लाख डॉलर! यावरून ब्रिटिश भांडवलदार अधिक दयाळू ठरत नाहीत. कायदा कंपनीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो की तिच्या नोकराला, एवढाच फरक त्यातून दिसतो. आणि तसे कायदे कोणत्याही देशात कामगार चळवळीच्या दीर्घ रेट्याशिवाय झालेले नाहीत.

‘रस्ट’ ही अपवादात्मक घटनाही नव्हे. १९८२ मध्ये ‘ट्वायलाइट झोन’ चित्रपटाच्या सेटवर हेलिकॉप्टर कोसळून नट व्हिक मॉरो आणि दोन बालके ठार झाली. त्या बालकांना बालकामगारविषयक कायदा धाब्यावर बसवून रात्री कामावर आणण्यात आले होते. दिग्दर्शकासह पाच जणांवर खटला चालला आणि १९८७ मध्ये सर्व निर्दोष सुटले. १९९३ मध्ये ‘द क्रो’च्या चित्रीकरणात तरुण नट ब्रँडन ली मारला गेला. तेथे ओबडधोबड बनविलेल्या नकली काडतुसाची गोळी नळीत अडकून राहिली होती, आणि पुढे फुसके काडतूस उडविताच ती बाहेर पडली. शस्त्रतज्ज्ञ त्या वेळी सेटवर नव्हता. कोणावरही फौजदारी खटला झाला नाही. याला एक अपवाद दिसतो. २०१४ मध्ये जॉर्जिया राज्यात परवानगीवाचून रेल्वेमार्गावर चित्रीकरण करताना सारा जोन्स ही २७ वर्षांची कॅमेरा-सहायक गाडीखाली सापडली, तेव्हा दिग्दर्शकाला गुन्हा कबूल करून तुरुंगात जावे लागले. इच्छा असेल तर कायद्याचा हात वरपर्यंत पोहोचू शकतो, हे त्यावरून सिद्ध होते.

आपल्या देशात चित्र कसे आहे? फेब्रुवारी १९८९ मध्ये म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओत ‘टिपू सुलतान’ मालिकेच्या चित्रीकरणात लागलेल्या आगीत साठाहून अधिक माणसे जळून मेली. २०१६ मध्ये कर्नाटकात एका चित्रपटासाठी हेलिकॉप्टरमधून तलावात उडी घेतलेले दोन कलावंत बुडून मेले. फेब्रुवारी २०२० मध्ये चेन्नईजवळ ‘इंडियन २’ च्या सेटवर क्रेन कोसळून तिघे ठार झाले. प्रत्येक वेळी शोक झाला, मदतनिधी जाहीर झाले, आणि मुंबई, चेन्नई, हैदराबाद येथील स्टुडिओंतील रोजंदारी कामगार दुसऱ्या दिवशी त्याच मचाणावर चढला. निष्काळजीपणाने मृत्यूस कारण होण्याच्या गुन्ह्याची शिक्षा जुन्या दंडसंहितेत दोन वर्षांपर्यंत होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये ती पाच वर्षांपर्यंत वाढली आहे. पण शिक्षा वाढली म्हणून ती कोणाला होते हा प्रश्न सुटत नाही. भोपाळच्या हत्याकांडानंतर पंचवीस वर्षांनी, २०१० मध्ये, सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली आणि ते लगेच जामिनावर सुटले, हे या देशाने पाहिले आहे.

चित्रपट कामगारांसाठी १९८१ मध्ये झालेल्या कायद्याने लेखी कराराचे बंधन घातले होते. तो कायदा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून, कामगार संघटनांचा विरोध डावलून, अमलात आणण्यात आली. मालकाने कर्तव्य मोडल्यामुळे मृत्यू झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान ५ लाख रुपये दंड, अगर दोन्ही, अशी तरतूद तीत आहे हे नमूद केले पाहिजे. परंतु त्याच संहितेत निरीक्षकाला ‘सुविधाकार’ही बनविले आहे, आणि ज्या गुन्ह्यांना केवळ दंड आहे ते कमाल दंडाच्या निम्मी रक्कम भरून मिटविण्याची सोय मालकाला दिली आहे. मृत्यूनंतर शिक्षा करणारे कलम असावेच. पण मृत्यूपूर्वीच्या हयगयी निम्म्या दरात मिटत असतील तर त्या कलमाची पाळी वारंवार येणार.

म्हणून मागणी नेमकी केली पाहिजे. जिवंत काडतूस सेटच्या आवारात आणणे हाच गुन्हा ठरला पाहिजे. शस्त्रे, स्फोटके, क्रेन, आग व पाणी यांच्या प्रत्येक कामावर त्याच एका कामासाठी नेमलेला, पूर्ण पगारी, प्रशिक्षित माणूस असला पाहिजे. त्याला दुसरे काम सांगण्यास बंदी असावी. धोका दिसताच काम थांबविण्याचा हक्क प्रत्येक कामगाराला हवा, आणि तो बजावल्याबद्दल त्याची रोजी बुडता कामा नये. राज्य सरकारे चित्रपटांना जे अनुदान व सवलती देतात त्या सुरक्षेच्या अटीवरच दिल्या जाव्यात. ‘रस्ट’ च्या घटनेनंतर कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये अशा दिशेने कायदा केला आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पैसा व वेळ यांवर ज्याचा ताबा, मृत्यूची पहिली जबाबदारी त्याची, हे तत्त्व कायद्यात उतरले पाहिजे. एका चित्रपटापुरत्या काढलेल्या कंपनीच्या आड त्याला लपता येऊ नये.

न्यू मेक्सिकोतील कॅमेरा कामगारांनी धोका ओळखला होता, लेखी कळविला होता आणि अखेर कामही सोडले होते. त्यांना एकाकी पाडता आले म्हणून चित्रीकरण चालू राहिले. उरलेला सेट त्यांच्या पाठीशी उभा राहिला असता तर त्या दिवशी काम बंद पडले असते. तेवढ्या बंदची किंमत एका दिवसाचे भाडे झाली असती. स्टुडिओंतील आपल्या संघटनांनी हा हिशेब प्रत्येक मजुरासमोर, मराठी असो वा तामिळ, मांडला पाहिजे.