आकाशातील वाट आणि घराची किल्ली

आमच्या बुलढाण्यास लागून असलेल्या वाशिम जिल्ह्याचे नाव ५ नोव्हेंबर २०२५ रोजी एका नव्या कारणाने पुढे आले. त्या दिवशी महाराष्ट्र सरकारने स्टारलिंक ह्या अमेरिकन कंपनीशी इरादापत्र केले. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव व वाशिम ह्या जिल्ह्यांतील दूरच्या गावी उपग्रहामार्फत इंटरनेट पोहोचवावे, हा त्याचा हेतू. ही वार्ता वाचून आम्हांस आनंद झाला. सातपुड्याच्या कुशीतील खेड्यात तार वा मनोरा नेणे किती कठीण, हे संग्रामपूर व जळगाव जामोदकडील वाचकांस सांगावयास नको.

तथापि, ह्या सेवेस केंद्र सरकारचा परवाना लागतो, व त्याच्या अटी कडक आहेत. मे २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने त्यांत आणखी भर घातली. ग्राहकांचे संदेश देशातील भूकेंद्रांतूनच गेले पाहिजेत. सरहद्दीलगत ५० किलोमीटरच्या पट्ट्यावर विशेष देखरेख असावी. युद्धप्रसंगी सरकारने सांगताच एखाद्या भागातील सेवा थांबवता आली पाहिजे.

कोणी म्हणेल, खेड्यातील मुलगा वाट पाहत असता ही अडवणूक कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर अनुभवाने दिले आहे. २००८ साली मुंबईवर चालून आलेल्या हल्लेखोरांजवळ उपग्रहावर चालणारा दूरध्वनी होता. २०२२ साली युक्रेनने क्रिमियाजवळ स्टारलिंकची सेवा सुरू करण्याची विनंती केली, ती कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क ह्यांनी नाकारली. एका राष्ट्राच्या रणांगणाचा प्रश्न एका व्यक्तीच्या मर्जीवर येऊन ठेपला! त्याही पूर्वी, १९७५ साली, आपण अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभर उसना घेऊन सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शनचे पाठ पोहोचवले. मुदत सरली, धन्याने आपला उपग्रह हलवला, आणि त्यावरून येणारे पाठ थांबले. म्हणून, वाट परक्याची असली तरी घराची किल्ली आपल्याच कमरेला हवी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

परंतु किल्ली बाळगणाऱ्यानेही मर्यादा पाळावी. १९४२ साली उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त नभोवाणी चालवली. तिला परवाना नव्हता. तरीही आज आपण तिचे स्मरण अभिमानाने करतो. परवान्याचे शस्त्र लोकांचे तोंड बंद करण्यासही वापरता येते, हा त्यातील धडा. इंटरनेट बंद करण्याचे हुकूम प्रसिद्ध केले पाहिजेत व ते बेमुदत असू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये बजावले आहे. उपग्रहसेवेसही हाच न्याय लागू व्हावा. निर्बंध असावेत ते राष्ट्राच्या रक्षणापुरते. नागरिकाच्या वाणीवर नव्हेत.

विद्यार्थिमित्रहो, कुंपण कितीही मजबूत घातले तरी त्याने शेत पिकत नाही. उसन्या उपग्रहाच्या त्या वर्षापासून धडा घेऊन आपल्या शास्त्रज्ञांनी पुढे इन्सॅट मालिका उभी केली, आणि १९८३ पासून इन्सॅट-१बी हा आपल्या मालकीचा उपग्रह देशाची सेवा करू लागला. अटी घालण्याचे काम सरकारचे. त्या अटींची गरजच उरणार नाही इतके विज्ञान आत्मसात करण्याचे काम तुमचे. पालकांनीही मुलांच्या हाती यंत्र देताना त्यामागील विद्येची गोडी लावावी, एवढीच आमची विनंती आहे.