हेडफोन बिघडला, की वाट बदलली?

दोस्तहो, या आठवड्याच्या पत्रांमध्ये नववीतल्या एका मुलाचं पत्र आहे. त्याच्याकडे मामाने दिलेला जुना लॅपटॉप आहे आणि त्यावर लिनक्स आहे. मोठ्या बहिणीने पहिल्या पगारातून त्याला ब्लूटूथचा हेडफोन आणून दिला. गाणी झकास ऐकू येतात. पण संध्याकाळी ऑनलाइन शिकवणीला बसलं, की सरांचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो. दुकानदार म्हणाला, "गेला हा, दुसरा घ्या." घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, यानेच पाडला असणार. तो लिहितो, "बाई, मी खरंच पाडला नाही हो."

अरे, तू पाडला नाहीस हे तुझ्याच पत्रावरून कळतंय. गाणी झकास येतात, असं तूच लिहिलं आहेस ना? पडून मोडलेला हेडफोन गाण्यांशी गोड आणि शिकवणीशी वाकडा, असा भेदभाव कसा करेल बरं?

मग होतं तरी काय? बघा हं. लॅपटॉप आणि हेडफोन यांच्यामध्ये आवाजाच्या दोन वाटा असतात. पहिली रुंद, पण एकेरी. आवाज लॅपटॉपकडून तुमच्या कानांकडे येतो, उलट काही जात नाही. गाणी, सिनेमे या वाटेने येतात. हिचं नाव एटूडीपी. दुसरी वाट दुहेरी. सरांचा आवाज येणार आणि हेडफोनच्या माइकमधून तुमचा आवाज जाणार. पण ती आहे अगदी बोळासारखी अरुंद! हिचं नाव एचएफपी. ती मुळात फोनवर बोलण्यासाठी केलेली. या वाटांना संगणकवाले 'प्रोफाइल' म्हणतात. नेहमीच्या ब्लूटूथवर आवाज एका वेळी यातल्या एकाच वाटेने चालतो.

बोळ किती अरुंद? गाण्याच्या सीडीवर आवाजाची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजणी केलेली असते. रुंद वाटेवर साधारण तेवढीच चालते. बोळात मात्र जुन्या पद्धतीने ८,००० वेळा आणि सुधारलेल्या पद्धतीने १६,००० वेळा. मोजणी कमी झाली, की आवाजातला बारीक, तीक्ष्ण भाग गळून पडतो. आणि 'स', 'श', 'फ' यांची ओळख नेमकी त्याच भागात असते! त्यामुळे सर 'सोड' म्हणाले की 'फोड', ते कळत नाही. शिवाय रुंद वाटेवर डाव्या-उजव्या कानाला वेगवेगळा आवाज मिळतो, बोळात दोघांना मिळून एकच.

आता खरी मेख ऐका. शिकवणीचा प्रोग्रॅम उघडला आणि त्याने हेडफोनचा माइक मागितला, की लिनक्स बरेचदा आपण होऊन वाट बदलतं. तुम्हाला विचारत नाही, सांगतही नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, हेडफोन फुटला.

तर मित्रा, तू असं कर. सेटिंग्जमध्ये 'साउंड' उघड. 'आउटपुट'ला हेडफोन राहू दे, पण 'इनपुट'ला हेडफोनच्या माइकऐवजी लॅपटॉपचाच माइक निवड. शिकवणीच्या प्रोग्रॅममध्येही माइक निवडायची जागा असते, तिथेही तेच कर. आता 'कॉन्फिगरेशन' बघ. तिथे 'हेडसेट' असं काही लिहिलेलं असेल, तर तू अजून बोळात आहेस. 'हाय फिडेलिटी प्लेबॅक' निवडलंस, की हमरस्त्यावर आलास. ही निवड तुझ्या लिनक्सच्या सेटिंग्जमध्ये दिसत नसेल, तर 'पाव्हूकंट्रोल' नावाचा छोटा प्रोग्रॅम मिळतो, त्यात ती हमखास असते.

आणि हो, एक गंमत घरच्यांसमोरच कर. एखादं गाणं लाव, हेडफोन आईच्या कानावर ठेव आणि ही निवड एकदा इकडे, एकदा तिकडे कर. झकास, डबा, झकास, डबा! त्यानंतर कुणी 'पाडला' म्हणणार नाही.

तोटा एकच. लॅपटॉपचा माइक तोंडापासून लांब असतो, त्यामुळे स्वयंपाकघरात मिक्सर लागला की तोही शिकवणीला हजर! एलई ऑडिओ नावाची नवी पद्धत २०२२ साली पूर्ण झाली, तिच्यात ही बोळाची अडचण बरीचशी सुटते. पण त्यासाठी लॅपटॉप आणि हेडफोन दोघेही त्या पद्धतीचे लागतात. मामाच्या जुन्या लॅपटॉपकडून ती अपेक्षा नको.

ज्यांचा हेडफोन जोडलाच जात नाही, त्यांच्यासाठी आता थोडं. नळाला पाणी आलं नाही, तर प्लंबर लगेच भिंत फोडतो का? आधी टाकी बघतो, मग कॉक, मग पाइप, शेवटी तोटी. आपणही तसंच करायचं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने बरं झालं तेच कळत नाही. 'सगळं बंद करून चालू कर' हा सल्ला मला म्हणूनच फारसा आवडत नाही. पुष्कळदा काम होतं, पण शिकायला काही मिळत नाही.

आधी हेडफोन घरातल्या फोनला जोडून बघा. तिथे चालला, तर तो शाबूत आहे. मग त्या फोनचं ब्लूटूथ बंद करा बरं का! कारण हेडफोन सुरू होताच आईच्या फोनला जाऊन चिकटतो आणि आपण लॅपटॉपवर रागावत बसतो.

पुढचा थांबा लॅपटॉपचा रेडिओ. टर्मिनल उघडा आणि छोट्या इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता 'आरएफकिल' लिहा. मग जागा सोडून 'लिस्ट'. ब्लूटूथच्या खाली 'सॉफ्ट ब्लॉक्ड'पुढे 'येस' आलं, तर रेडिओ लिनक्सनेच बंद ठेवलाय. 'आरएफकिल अनब्लॉक ब्लूटूथ' लिहिलं की सुटतो. 'हार्ड ब्लॉक्ड'पुढे 'येस' असेल, तर लॅपटॉपवरचं बटण किंवा कळ शोधा.

मग येते ओळख. हेडफोन पहिल्यांदा जोडताना दोघं मिळून एक गुप्त किल्ली ठरवतात आणि एकेक प्रत आपापल्याकडे ठेवतात. दोन प्रती जुळेनाशा झाल्या, की ओळख मोडते. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असणाऱ्यांना हे फार भोवतं. हेडफोनच्या दृष्टीने लॅपटॉप एकच. विंडोजमधून नवी किल्ली ठरली, की तो जुनी पुसून टाकतो. लिनक्स बिचारं जुनी किल्ली घेऊन दारात उभं! अशा वेळी लिनक्समधल्या यादीतून हेडफोन काढून टाका आणि नव्याने ओळख करून द्या. टर्मिनलमध्ये 'ब्लूटूथसीटीएल' उघडून हे नीट करता येतं: रिमूव्ह, स्कॅन ऑन, पेअर, ट्रस्ट, कनेक्ट, याच क्रमाने. 'रिमूव्ह'नंतर हेडफोनचं ओळख-बटण दाबून ठेवायचं, दिवा भराभर लुकलुकला पाहिजे. 'स्कॅन ऑन' सोडून प्रत्येक शब्दापुढे हेडफोनचा पत्ता लिहायचा. पत्ता म्हणजे बारा अंक-अक्षरं, दोन-दोनच्या जोड्यांत. 'ट्रस्ट' बरेच जण विसरतात, आणि मग दुसऱ्या दिवशी हेडफोन आपला आपण जोडला जात नाही.

जोडला गेला पण आवाज तुटतो? ब्लूटूथचा रेडिओ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो आणि सेकंदाला १,६०० उड्या मारत जागा बदलतो. पण त्याच पट्ट्यात घरातलं वायफाय असतं, मायक्रोवेव्हही असतो. आणि कुणाला सहसा संशय येत नाही असा एक चोर म्हणजे यूएसबी ३ चं उपकरण. त्याच्या कामातून याच पट्ट्यात गोंगाट निघतो. ब्लूटूथचं छोटं डोंगल पेनड्राइव्हला खेटून लावलं असेल, तर ते लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला न्या, किंवा यूएसबीच्या जोडवायरने हातभर लांब ठेवा.

एक ताकीद मात्र देते. कुणी 'सुडो'ने सुरू होणारी लांबलचक ओळ दिली आणि 'डोळे मिटून टाक' म्हणालं, तर टाकायची नाही. 'सुडो' म्हणजे घराच्या सगळ्या किल्ल्या हातात देणं. त्या ओळीतला प्रत्येक शब्द काय करतो, ते आधी विचारायचं.

हेडफोनबद्दल पत्र पाठवाल तेव्हा नुसतं 'चालत नाही' लिहू नका. फोनवर चालतो का, यादीत दिसतो का, जोडला जातो का, आणि माइक बंद असताना आवाज कसा येतो, एवढं लिहा. लिनक्स कोणतं आणि कितवं तेही कळवा. पत्र्याचा डबा वाजत असेल, तर तो शिकवणीआधी वाजतो की शिकवणीत, हे विसरू नका!