'मूळ स्थिती' कोणाची?

२००५ साली मेहकरात माझ्या बिघडलेल्या संगणकात उत्पादकाची रिकव्हरी सीडी घातली. विंडोज एक्सपी परतले, 'सी' ड्राइव्ह पुसला गेला. ना. घ. देशपांडे यांच्या कवितेवरील लेखाची प्रत फ्लॉपीवर होती; पण फॉन्टच गेल्याने उघडला तो रोमन चिन्हांचा चिखल. (त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे रोमन संकेतांवरच बसवलेली असत.)

आणि याला म्हणे 'मूळ स्थिती'! एकेका पाठभेदावर वर्षे घालवणारे आपण हा शब्द मुकाट्याने कसा स्वीकारतो? एक्सपीत युनिकोड देवनागरी होती, परंतु ती वेगळी सुरू करावी लागे. कारखान्याच्या लेखी मराठी ही नंतरची भर, पुसता येण्याजोगी. मात्र दोष एकट्या कारखान्याचा नव्हे. युनिकोड हाताशी असताना जुन्या फॉन्टना चिकटून राहिलो ते आम्ही प्राध्यापकच. तशा फ्लॉप्या माझ्या कपाटात अजून पडून आहेत.