टाकी शेवटची कधी धुतली?

टाकी नुसती उपसून भागत नाही, ती क्लोरीनने निर्जंतुक करावी लागते, असं मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर या आठवड्यात हैदराबादच्या विद्यानगरकरांचं उत्तर आलं ते एकच: मंजिरा शुद्ध होऊनच येतं, शिवाय घरात आरओ आहे, मग टाकीच्या मागे कशाला लागता? (जलमंडळाच्या नळाला पाणी कृष्णेचं असो की गोदावरीचं, इथे त्याचं नाव मंजिराच.) हा समज घरातलं उदाहरण देऊन मोडत नाही, म्हणून चाकांवरचं घर घेऊ. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून मोटरहोम हा शब्द मराठी वाचकाला अनोळखी राहिलेला नाही. चैनीची वस्तू म्हणून ती बाजूला सारता येईल. पण तिच्या पोटात टाकी, पंप, नळ्या आणि नळ असतात, म्हणजे जमिनीखालच्या सम्पपासून स्वयंपाकघरापर्यंत आपल्या इमारतीत जे असतं तेच, फक्त लहान मापात.

फरक वापरणाऱ्याच्या वागण्यात आहे. मोटरहोमचा जाणता मालक टाकी भरण्याआधी पाणी कुठल्या नळाचं हे विचारतो. पिण्याच्या पाण्याची नळी वेगळी ठेवतो, तिची तोंडं झाकतो आणि संडासाची टाकी धुवायला ती कधीच घेत नाही. गाडी बरेच दिवस उभी राहिली असेल तर जुनं पाणी सोडून देतो आणि प्रवासाआधी क्लोरीन भरतो. 100 लिटर पाण्याला 5 टक्क्यांचं, बिनवासाचं द्रावण साधारण 100 मिलिलिटर, म्हणजे लिटरमागे 50 मिलिग्रॅम क्लोरीन. मग एकेक नळ, गरम पाण्याचासुद्धा, वास येईपर्यंत सोडायचा, कारण जंतूंचा थर टाकीइतकाच नळ्यांतही धरतो. काही तास तसंच ठेवून सगळं ओतून द्यायचं आणि वास जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने खळबळून काढायचं. आता आपल्याकडे पाहा. सम्पचं झाकण पार्किंगमध्ये जमिनीलगत, त्याच्या शेजारी गाड्या धुतल्या जातात. टँकरची नळी रस्त्यावरून ओढत आणून थेट आत सोडतात. कित्येक इमारतींत मंजिरा आणि बोअर एकाच सम्पमध्ये पडतं. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो, म्हणजे असलेलं संरक्षणही पातळ होतं. मग ते पाणी गच्चीवरच्या काळ्या टाकीत चढतं आणि उन्हाळ्यात, हैदराबादचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, दिवसभर तापतं. भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा. साठवण आणि उष्णता नेमका तोच संपवतात. कोमट पाणी तर लेजिओनेलासारख्या जंतूंना मानवतंच. टाकी शेवटची कधी धुतली, या प्रश्नाला मोटरहोमवाला तारीख सांगेल. आपल्याकडे वॉचमनला विचारा, एवढंच उत्तर मिळतं.

राहिला आरओ. तो एका नळाला असतो. दात घासणं, भाजी धुणं, बाळाची अंघोळ हे सगळं टाकीच्याच पाण्याने होतं. शिवाय आरओतला कार्बन उरलासुरला क्लोरीनही काढून घेतो, म्हणून त्याच्या छोट्या टाकीत साठलेलं पाणी निर्धास्त नसतं. जलमंडळाची जबाबदारी मोठी आहे, आणि त्यातून या स्तंभाने त्याला कधी सोडलेलं नाही. मे 2009 मध्ये विद्यानगरपासून जवळच्या भोलकपूरमध्ये दूषित पाण्याने माणसं मेली, ती टाकी न धुतल्यामुळे नव्हे. नळाला पाणी सतत नसेल तर वाहिनीतला दाब कमी होतो आणि फुटक्या जोडातून घाण आत ओढली जाते. तो दोष वाहिनीचाच. पण वाहिनी बिघडू शकते म्हणून तर आपल्या हद्दीतला शेवटचा टप्पा अधिक सांभाळायचा. 1908 च्या मुसीच्या पुरानंतर या शहराने विश्वेश्वरय्यांचा सल्ला घेतला, 1920 मध्ये उस्मानसागर, म्हणजेच गंडीपेटचा तलाव, उभा राहिला आणि गंडीपेटच्या पाण्याचा अभिमान शहराच्या बोलण्यात रुजला. हाकेच्या अंतरावर नल्लाकुंट्याचं फीव्हर हॉस्पिटल आहे, ज्याला जुने लोक अजून कोरंटी दवाखाना म्हणतात. ते नाव क्वारंटाइनवरून पडलं. साथीची आठवण नावात जपणाऱ्या वस्तीने मीटरपुढच्या पाण्याकडे पाठ फिरवावी, हे मला पटत नाही.

वास येतो, ही शेवटची हरकत. निर्जंतुकीकरणानंतर नीट खळबळलं तर तो उरत नाही. नळाच्या पाण्याला रोज येणारा हलका वास मात्र संरक्षण शिल्लक असल्याची खूण आहे. हिशेबही अवघड नाही: 1000 लिटरच्या भरलेल्या टाकीला ताजी, 33 टक्के क्लोरीनची ब्लीचिंग पावडर सुमारे 150 ग्रॅम लागते. ती बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन वरचं पाणी ओतावं, आणि ते टाकीत असेपर्यंत कोणीही नळ पिण्यासाठी वापरू नये म्हणून प्रत्येक घरी आदल्या दिवशी सांगावं. अॅसिड पावडरजवळही नेऊ नये, विषारी वायू सुटतो. सम्प घासायला मात्र वॉचमनला एकट्याला उतरवू नका. झाकण उघडून बराच वेळ हवा खेळू द्या, वर दुसरा माणूस आणि दोर असू द्या, आणि पावडरचं पाणी तो बाहेर आल्यावरच ओता. बंद सम्पमध्ये प्राणवायू कमी असू शकतो, आणि ते बाहेरून दिसत नाही.