भाच्याची पहिली रायफल

"मावशी, काकांना विचार ना, हरणासाठी कोणती रायफल घेऊ?" भाच्याचा हा मेसेज पेनसिल्व्हेनियाहून आला तेव्हा मी इंदूरच्या घरात भेंडी चिरत होते. पहिल्यांदा वाटलं, चुकून दुसऱ्या कुणाला जायचा तो मला आला. मग लगेच दुसरा आला, "अस्वलासाठीपण तीच चालेल का?"

मंडळी, आपल्याकडे १९७२ सालच्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार हा विषय आजोबांच्या गोष्टींपुरता उरला. हरणावर बंदूक रोखली तर जामीन शोधत फिरावं लागतं. त्यामुळे पहिलं उत्तर मी मावशीच्या हक्काने दिलं, "तुझ्या आईला कळलं तर?" पण दोन महिन्यांनी आम्ही दोघं त्याच्याकडे राहायला गेलो आणि तिथलं चित्र पाहिलं. संध्याकाळी घराच्या मागे सात-आठ हरणं गुरांसारखी चरत उभी. रस्त्याच्या कडेला गाड्यांनी उडवलेली. त्या राज्यातले लांडगे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच संपले, त्यामुळे मोठ्या हरणाला खाणारं जवळजवळ कुणी राहिलं नाही. शिकारीचा हंगाम, परवाने, कोटा हे सगळं सरकारच ठरवतं. आणखी एक गोष्ट मला माहीत नव्हती. तिथे रायफल आणि काडतुसांवर ११ टक्के केंद्रीय कर लागतो आणि १९३७ च्या कायद्यानुसार तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. पटलं असं म्हणणार नाही, पण तोंड बंद झालं.

खरा अडसर मी नव्हते, सूनबाई होती. घरात आठ वर्षांचा मुलगा. ती म्हणाली, "बंदूक येईल तर आधी तिचं कुलूप येईल." भाच्याचं बजेट हजार डॉलर. त्यातले १६० डॉलर पहिल्याच दिवशी लोखंडी कपाटाला गेले. भाचा कुरकुरला. आमच्या ह्यांनी मात्र सूनबाईची बाजू घेतली. आमचे हे फौजेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "युनिटमध्ये शस्त्रागाराची चावी हत्यारापेक्षा महत्त्वाची. काडतुसं वेगळ्या खणात, वेगळ्या कुलपात."

मग दुकान. भिंतभर रायफली आणि काउंटरवर एक उत्साही तरुण. भाच्याने 'अस्वल' हा शब्द उच्चारला मात्र, त्याने थेट .३०० मॅग्नम समोर ठेवली. अस्वल मोठं म्हणून काडतूस मोठं, हा हिशेब ऐकायला बरोबर वाटतो. पण पेनसिल्व्हेनियातलं अस्वल म्हणजे काळं अस्वल. त्यातली काही ३०० किलोच्या वर जातात हे खरं, तरी ते अलास्कातलं ग्रिझली नव्हे. आणि जंगल इतकं दाट की बहुतेक वेळा शंभर यार्डांच्या आतच नेम धरावा लागतो. तिथे मॅग्नमचा उपयोग एकच, खांदा सुजवून घेण्याचा.

धक्क्याबद्दल ह्यांनी जे सांगितलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. नवा माणूस जोरदार धक्क्याच्या रायफलीने चार गोळ्या झाडतो, पाचव्या वेळी चाप दाबण्याआधीच त्याचं अंग आकसतं, डोळे मिटतात. ही सवय एकदा लागली की वर्षभर सुटत नाही. नेम चुकतो आणि जनावर जखमी होऊन पळतं. कुठेतरी झाडीत दोन दिवस तडफडून मरतं. म्हणजे मोठ्या काडतुसाने दया होत नाही, उलट क्रौर्य होतं. आपल्या जिम कॉर्बेट यांची ती प्रसिद्ध .२७५ रिग्बी आठवा. चंपावतच्या वाघिणीला मारल्यावर १९०७ मध्ये भेट मिळालेली. आजच्या दुकानदाराने तिला वाघासाठी 'लहान' म्हटलं असतं.

तर पर्याय काय? .२४३ चा धक्का सगळ्यात सौम्य, हरणाला पुरे, पण अस्वलासाठी जरा हलकं. ६.५ क्रीडमूर २००७ मध्ये आलं, लोकप्रिय आहे, सौम्यही आहे, आणि चांगल्या गोळीने काळ्या अस्वलालाही चालतं. .३०-३० हे १८९५ पासूनचं, जुन्या सिनेमातल्या काउबॉयच्या हातातल्या त्या खाली-वर होणाऱ्या दांड्याच्या रायफलीत बसणारं. दाट जंगलासाठी सुंदर, पण ती रायफल नवी घ्यायची तर आता स्वस्त राहिलेली नाही. .३०-०६ म्हणजे '.३० जाडीचं, १९०६ सालचं'. नावातच सन आहे हे मला फार आवडलं. दोन्ही जनावरांना पुरेपूर, पण धक्का थोडा जास्त.

आणि मग .३०८. हे १९५२ मध्ये आलं. दुकानात त्याचं काडतूस बघून आमचे हे थबकलेच. "अगं, ही तर आपल्या एसएलआरची बहीण!" आपल्या फौजेने इन्सास येईपर्यंत वापरलेल्या ७.६२ च्या एसएलआरचं काडतूस आणि हे जवळजवळ सख्खे. हरणाला पुरे, काळ्या अस्वलाला पुरे, आणि गावातल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानातसुद्धा त्याची काडतुसं मिळतात. स्वस्त पहिल्या रायफलीसाठी हा शेवटचा मुद्दा फार मोठा. रायफल एकदाच घ्यायची असते, काडतुसं दरवर्षी. नवलाईचं काडतूस हंगामाच्या आधी संपलं की पठ्ठ्या घरी बसतो.

काडतूस ठरलं की रायफल ठरवणं सोपं. सेमी-ऑटोमॅटिक रायफल हरणा-अस्वलासाठी त्या राज्यात चालत नाही. म्हणून बोल्टवाली, हाताने खेचून एकेक काडतूस भरायची. सॅव्हेज ॲक्सिस, रुगर अमेरिकन, मॉसबर्ग पेट्रियट ही तिन्ही साधी, प्लास्टिकच्या दस्त्याची, चारशे ते सहाशे डॉलरच्या आसपासची. दिसायला काही खास नाहीत. पण शंभर यार्डांवर त्यांचा नेम महागड्या रायफलींच्या बरोबरीने बसतो, शिकणाऱ्या माणसापेक्षा तर नक्कीच चांगला. भाच्याला अक्रोडाच्या लाकडाची चमकदार रायफल खुणावत होती. शेजारचे आजोबा सोबत होते, पन्नास हंगाम बघितलेले. त्यांनी त्याला एक परीक्षा दिली. डोळे मीट, रायफल खांद्याला लाव, आता डोळे उघड. दुर्बिणीत पूर्ण गोल चित्र दिसलं तर दस्ता तुझ्या मापाचा. मान लांबवावी लागली, काळी कडा दिसली, तर नाही. लाकडाची नापास झाली, साडेचारशेची साधी पास.

उरलेल्यातले १८० दुर्बिणीला गेले. तीन ते नऊ पट मोठं दाखवणारी साधी. आजोबांचं म्हणणं, रायफल स्वस्त चालेल, दुर्बीण अगदी स्वस्त नको. पहाटे आणि सांजेला, जेव्हा हरणं बाहेर पडतात, तेव्हा भिकार काचेतून सगळं राखाडी दिसतं. डोळा दुर्बिणीपासून तीन-चार इंच लांब ठेवायचा, नाहीतर धक्क्याने भुवई फुटते. दुर्बीण बसवायच्या कड्या ३० डॉलर, काडतुसांचे चार खोके १२०, कानाचं संरक्षण आणि नारिंगी जाकीट ५०. हे जाकीट हौस नाही, त्या राज्यात डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच भडक नारिंगी रंग अंगावर दिसलाच पाहिजे. परवाना सुमारे २१ डॉलर, अस्वलाचा वेगळा. हजाराच्या थोडं वर गेलं. पहिल्यांदा परवाना काढणाऱ्याला शिकारीचा सुरक्षा कोर्स सक्तीचा, तो त्याने आधीच केला होता.

खोक्यांबद्दल एक सांगते, कारण ती स्वयंपाकघरातली गोष्ट आहे. तीन खोके साध्या शिशाच्या गोळ्यांचे, सरावासाठी. चौथा तांब्याच्या गोळ्यांचा, शिकारीसाठी. शिशाची गोळी आत फुटते आणि बारीक कण मांसात दूरवर पसरतात, डोळ्यांना दिसत नाहीत. घरात लहान मूल असेल तर ते नकोच. आणि अस्वलाचं मांस कधीही अर्धकच्चं ठेवायचं नाही, त्यात एका कृमीच्या अळ्या असू शकतात. आतपर्यंत ७४ अंश सेल्सियस. सूनबाईने थर्मामीटर आणलाय.

आता कागदपत्रं. भाच्याकडे ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे फॉर्म भरला, पोलिसांच्या यंत्रणेतून तपासणी झाली, रायफल मिळाली. पण तुमची मुलं वर्क व्हिसावर असतील तर सावध करा. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगणं तिथे केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर. नुसतं मित्राच्या रायफलीने मैदानावर दोन गोळ्या मारल्या, हेही त्यात येऊ शकतं. आणि आम्ही तर पर्यटक! सरावाच्या मैदानावर आमचे हे बाकाच्या मागे दोन्ही हात खिशात घालून उभे. तीस वर्षं फौजेत काढलेला माणूस, समोर .३०८, आणि हात लावायचा नाही. "श्वास अर्धा सोड, मग चाप दाब, ओढू नको रे, दाब," एवढंच पुटपुटत होते. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं.

आम्ही परत आल्यावर नोव्हेंबरच्या शेवटी हंगाम सुरू झाला. दुसऱ्या दिवशी रात्री फोन आला. एक चांगला शिंगांचा नर त्याला दिसला होता, ऐंशी यार्डांवर, आडवा उभा. पण होता टेकडीच्या माथ्यावर, मागे नुसतं आकाश. आणि झाडीपलीकडे कुणाच्या तरी धुराड्यातून धूर येत होता. वस्तीच्या घरापासून १५० यार्डांच्या आत परवानगीशिवाय शिकार करता येत नाही, हे कोर्सात शिकवलेलं. घर नक्की किती लांब ते त्याला कळेना. आणि चुकलेली गोळी टेकडीपलीकडे कुठे उतरेल तेही कळेना. त्याने चाप दाबला नाही. नर दोन मिनिटं उभा राहिला आणि निघून गेला.

"काका रागावतील का गं?" त्याने विचारलं. हे शेजारीच बसले होते. फोन माझ्या हातातून घेऊन म्हणाले, "शाब्बास. आता काडतुसं काढ, नळी पुसून ठेव, आणि चावी सूनबाईकडे दे."