घराचा मेंदू कोठे असावा?

वाशीतल्या काही घरांत आता दिवे आपोआप लागतात. हब नावाचे लहानसे यंत्र त्यांना हुकूम देते. ‘पहाटे पाचला मोरीतला दिवा लाव’ असे नियम त्यासाठी घालून ठेवावे लागतात. मग बाजारात नवे साधन आले, की सारे नियम त्यावर न्यावेत का?

माझ्या मते आधी एकच गोष्ट पाहावी. हे नियम घरातल्या यंत्रात राहतात, की दूरच्या कंपनीच्या संगणकात? एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या अमेरिकी कंपनीचे संगणक अचानक बंद झाले. ग्राहकांना फोनवरून आपल्याच घरचे दिवे लावता येईनात. भिंतीवरची बटणे मात्र चालू होती! याउलट, २०१३ साली सुरू झालेले ‘होम असिस्टंट’ घरातल्याच छोट्या संगणकावर चालते. जोराच्या पावसात इंटरनेट गेले, तरी पहाटे उठणाऱ्या दादींना अंधारात चाचपडावे लागत नाही. ते शिकायला वेळ लागतो, हे खरे. तरी मी तेच निवडीन.

मात्र जुना नियम बंद करूनच नवा सुरू करावा. नाहीतर एक दिवा लावील आणि दुसरा लगेच विझवील.